पितृपंधरवड्यात घर विकायला काढावं का? (कोथरूड, आईबाबांचा फ्लॅट)

उंबरा | १० सप्टेंबर २०२५

नमस्कार. इथे अनेक वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे.

कोथरूडला आमच्या आईबाबांचा फ्लॅट आहे. बाबांनी १९८९ साली घेतला. तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, आमचा वरचा मजला. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, कार्पेट साधारण ७०० चौरस फूट. आई २०१६ मध्ये गेली, बाबा २०२२ मध्ये. बाबांचं नोंदणी केलेलं मृत्युपत्र होतं, त्यामुळे घर मी आणि धाकटा भाऊ यांच्या नावावर निम्मं-निम्मं झालं, सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावरही आमची नावं लागली. मी नाशिकला असते, भाऊ गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत. तीन वर्षं घर बंद आहे. बंद घराचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. विकायचं दोघांच्या मनाने ठरलंय.

एजंट म्हणतात, आत्ता पक्ष चालू आहे, कोणी बघायलाही येणार नाही, घट बसल्यावर जाहिरात टाकू. तोवर रंग लावून घ्या, हॉलच्या छताला ओलीचा मोठा डाग आहे तो झाकला जाईल. मला हे दोन्ही पटत नाहीये, पण मला यातलं कळतं असंही नाही. घर बघायला येणाऱ्या माणसाला डाग दिसू द्यावा का? पंधरा दिवस नुसतं थांबण्यात अर्थ आहे का? आणि भाऊ परदेशात असल्याने कराचं काही वेगळं असतं असं ऐकलं, ते काय?

रविवारी अष्टमी आहे, बाबांची तिथी. त्या घरात शेवटचं श्राद्ध करायला मी पुण्याला जाते आहे. तेव्हा दोन दिवस हाताशी आहेत, काय काय करून घेऊ ते सांगा.

शेवंती | १० सप्टेंबर

आधी तिथी नीट करून घ्या, मग बाकीचं. मुलं दूर असली की या गोष्टी राहतात आणि नंतर मनाला लागतात.

पक्षात लोक टोकन देत नाहीत हे खरं आहे. आमच्या घरात आजही देणार नाहीत. पण फिरून बघतात. माझ्या जावेने तिची सिंहगड रोडवरची जागा पक्षातच दोनदा जाऊन पाहिली, घटस्थापनेला शब्द दिला आणि दसऱ्याला टोकन. तेव्हा दार बंद ठेवू नका. ज्याला खरंच घर हवं आहे तो या दिवसांत निवांत येतो, निवांत बसतो. नवरात्रात एका संध्याकाळी चार-चार कुटुंबं येतात आणि कोणालाच धड बोलता येत नाही.

गिलावा | १० सप्टेंबर

तीस वर्षं बांधकामावर आहे, म्हणून डागाबद्दल लिहितो. कृपा करून आत्ता रंग लावू नका. स्लॅब आणि गिलावा पावसाळाभर पाणी प्यायलेला असतो. वरून पुट्टी आणि रंग मारला की ओल आत कोंडते आणि दिवाळीपर्यंत पोपडे येतात. म्हणजे नेमकं घर दाखवायच्या वेळी पोपडे. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरचं ऊन चांगलं तीन-चार आठवडे खाल्लं की मग रंगाचं बघावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा डाग जुना आहे की जिवंत? जुना डाग कडेला तपकिरी, कोरडा, हात लावला तर पावडर सुटते. जिवंत डाग गार लागतो, मधोमध गडद असतो. सोपा उपाय सांगतो. स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. दोन मोठे पाऊस झाले की पुन्हा बघा. रेघेच्या बाहेर गेला तर गच्चीचं काम करावं लागेल, आत राहिला तर नाही.

वरच्या मजल्याच्या छतातून पावसाचं पाणी येत असेल तर गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा असतो, आदर्श उपविधीत तसं स्पष्ट आहे. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाणपोई | ११ सप्टेंबर

गिलावा यांना +१. आणि कायद्याचं एक: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. डाग झाकून घर विकलं आणि पुढच्या जूनमध्ये छत गळलं तर तुमच्याकडे बोट दाखवायला त्याला जागा राहते.

तुमच्या वडिलांनी मृत्युपत्र नोंदवून ठेवलं हे फार मोठं काम करून गेले. माझ्या सासऱ्यांचं नव्हतं. सोसायटीत सासूबाई नॉमिनी होत्या, आम्हाला वाटलं झालं. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा, मालकी वारसांचीच. घेणाऱ्याच्या बँकेने वारस दाखला मागितला, तो न्यायालयातून, १८२७ च्या रेग्युलेशनखाली. अर्ज, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, तारखा. अकरा महिने गेले. ठरलेला खरेदीदार दुसरीकडे गेला. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांशी याच पंधरवड्यात हा विषय काढावा असं मला मनापासून वाटतं.

समुद्रपक्षी | ११ सप्टेंबर

आमच्याकडे दापोली तालुक्यात घर-जमीन विकण्याचा विषय निघतो तो गणपतीतच. कारण साधं आहे. सातबारावर सतरा नावं, माणसं मुंबई, ठाणे, बडोदा अशी पांगलेली. सगळी एका छपराखाली येतात ती चतुर्थीला. आरती झाल्यावर पडवीत बसून बोलणं होतं, विसर्जनापूर्वी कोण हक्कसोड देणार आणि कोणाला पैसे हवेत ते ठरतं. पुढचा महिना कागद गोळा करण्यात जातो आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सगळे आले की सह्या.

आमच्या थोरल्या घराचं २०१८ साली असंच झालं. एक चुलतभाऊ त्या गणपतीला आला नाही, आणि एका सहीसाठी व्यवहार वर्षभर पुढे गेला. तुम्ही दोघंच आहात. भावाशी एकदा समोर बसून, फोनवर का होईना, आकडा पक्का करून घ्या. किती खाली उतरायचं ते सुद्धा. एजंटासमोर भावंडांचं वेगळं बोलणं नको.

जमाखर्च | ११ सप्टेंबर

कराबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमचं खरं वेळापत्रक पंचांग नाही, भावाचा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) ठरवणार आहे.

आधी नफा. घर २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं. ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्या. ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा ते ९ लाख आलं आणि विक्री १ कोटी १० लाखांना झाली. नफा १ कोटी १ लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के कर आहे, म्हणजे १२ लाख ६२ हजार, दोघांत मिळून. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला जुना पर्यायही आहे: निर्देशांक लावून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणजे ९ लाखांचे ३३ लाख ८४ हजार होतात, नफा ७६ लाख १६ हजार, आणि कर १५ लाख २३ हजार. तुमच्या घरात नवीन पद्धतच स्वस्त. (कोणी २०१३-१४ मध्ये ७० लाखांना घेतलेला फ्लॅट आज १ कोटी १० लाखांना विकत असेल तर उलट होतं. निर्देशांकाने खरेदी किंमत जवळपास १ कोटी २० लाख होते, कर शून्य. नवीन पद्धतीत ५ लाख. म्हणून शेजाऱ्याचं गणित आपल्याला लावू नये.) भावाला मात्र हा पर्याय नाही, तो निवासींनाच आहे.

आता टीडीएस. तुमच्या ५५ लाखांवर खरेदीदार १ टक्का कापेल, ५५ हजार. भाऊ अनिवासी, त्याला १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९५. प्रमाणपत्र नसेल तर खरेदीदार नफ्यावर नव्हे, भावाच्या पूर्ण ५५ लाखांवर कापतो: १२.५ टक्के, त्यावर अधिभार, त्यावर उपकर, एकूण १४.३ टक्के, म्हणजे ७ लाख ८६ हजार. जास्तीचे परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, पुढच्या वर्षी. यावर उपाय म्हणजे कमी कपातीचं प्रमाणपत्र. भावाने आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करायचा. हे प्रमाणपत्र ठरावीक खरेदीदाराच्या टॅनवर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) निघतं, म्हणून खरेदीदार ठरण्याआधी ते मागता येत नाही. पण त्याला लागणारं सगळं आत्ता तयार ठेवता येतं: मूल्यांकन अहवाल, १९८९ चा करार, सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा), मृत्युपत्र, भावाची मागच्या वर्षांची विवरणपत्रं. याला पक्ष आडवा येत नाही.

टोकन घेताना ती रक्कम फक्त तुमच्या हिश्श्यापोटी घेतली असं विसार पावतीत लिहा. भावाच्या हिश्श्याचा पहिला रुपया प्रमाणपत्र आल्यावर, कारण अनिवासीला दिलेल्या प्रत्येक हप्त्यावर कपात लागते. आणि रोख अजिबात नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड आहे.

पाणपोई | ११ सप्टेंबर

भावाचं कुलमुखत्यारपत्रही आत्ताच मागवा. तिकडे नोटरीसमोर सही, मग अपॉस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा तिथला सरकारी शिक्का). मूळ प्रत इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. सख्ख्या बहिणीला मोबदल्याशिवाय दिलेलं असेल तर ५०० रुपये. मजकूर इथल्या वकिलाकडून लिहून पाठवा. त्यात सदनिकेचं वर्णन, विक्रीचा अधिकार आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार हे तिन्ही हवेत.

नवी_किल्ली | १२ सप्टेंबर

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, सध्या घर शोधतोय, बजेट १ कोटीच्या आसपास. आम्हाला काय हवं असतं ते सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घर बघायला मला मुद्दाम आवडतं, कारण घराचा खरा चेहरा याच महिन्यांत दिसतो. उन्हाळ्यात सगळी घरं चांगली दिसतात. ताज्या रंगाचा वास आला की मी आधी छत आणि खिडकीखालचे कोपरे बघतो आणि मनात दोन लाख कमी करतो.

यंदा कर्ज स्वस्त झालंय, रेपो दर २०२५ च्या फेब्रुवारीआधी ६.५ होता, जूनमध्ये ५.५ झाला, त्यामुळे माझ्यासारखे बरेच जण हिशोब मांडून बसलेत. पण मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के. १ कोटी १० लाखांवर ७ लाख ७० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, म्हणजे १ लाख १० हजार वाचतात. हे पैसे बँक देत नाही, खिशातूनच जातात, म्हणून आम्ही बोनसची वाट बघत असतो. दसरा-दिवाळीत घरं विकली जातात याचं निम्मं कारण हेच असावं.

उंबरा | १५ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिथी झाली. गुरुजींना, शेजारच्या काकूंना जेवायला बोलावलं, गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं. गच्चीवर पोचलेच होते म्हणून जलरोधक थर बघितला, मला तरी कुठे चीर दिसली नाही.

मग गिलावा यांनी सांगितलं तशी पेन्सिल घेऊन हॉलमध्ये स्टुलावर चढले. आणि बघते तर डागाच्या कडेने आधीच पेन्सिलीची रेघ आहे. एक नाही, चार. बाबांच्या अक्षरात तारखा: १२.७.१७, ३०.८.१८, ४.८.१९. चौथ्या रेघेशेजारी '२०.९.२१ – वाढ नाही'. शेवटच्या दोन रेघा अगदी एकमेकींवर आहेत. खालून यातलं काहीच दिसत नाही, मला आजवर माहीतच नव्हतं. सेक्रेटरी काकांना विचारलं तर म्हणाले, गच्चीचं वॉटरप्रूफिंग २०१९ च्या डिसेंबरमध्ये झालं, बाबाच मागे लागून करून घेत होते. त्यांनी बिलाची प्रत काढून दिली.

डाग आजही चौथ्या रेघेच्या आत आहे. मी पाचवी ओढली नाही, चौथीशेजारीच १४.९.२५ लिहिलं.

गिलावा | १५ सप्टेंबर

वा. आता रंग लावूच नका. या रेघा आणि ते बिल, याच्याइतका खात्रीचा कागद कुठल्याही इंजिनिअरकडून मिळणार नाही. वडिलांचा व्यवसाय काय होता?

उंबरा | १५ सप्टेंबर

शाळेत चित्रकला शिकवायचे.

शेवंती | १६ सप्टेंबर

डोळ्यांत पाणी आलं वाचून. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला स्टुलावर चढवा.

रस्ता_क्रमांक_३ | १७ सप्टेंबर

एक वेगळा मुद्दा. १९८९ ची इमारत म्हणजे पुनर्विकासाची चर्चा असेलच. थांबलात तर मोठी जागा मिळेल, आत्ता का विकताय? आमच्या गल्लीत तीन इमारती पाडून नवीन झाल्या.

उंबरा | १७ सप्टेंबर

चर्चा आहे, पण सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण अजून झालेलं नाही, जमीन सोसायटीच्या नावावर नाही. सभासदांत एकमतही नाही. त्यात किती वर्षं जातील सांगता येत नाही आणि तोवर घर बंद राहणार. घेणाऱ्याला हे आम्ही स्पष्ट सांगणार आहोत, त्याने त्याचा हिशोब करावा.

उंबरा | ४ ऑक्टोबर

कळवायचं राहिलं. २२ तारखेला घट बसले, त्याच दिवशी जाहिरात टाकली. आठ कुटुंबं आली. तिघांनी डाग बघून विषय सोडला. दोघांनी तेवढ्यासाठी दहा लाख कमी मागितले. एक जोडपं आलं, दोघंही पस्तिशीच्या आतली, सोबत त्यातल्या मुलीचे सासरे. मी रेघा दाखवल्या, बिल दाखवलं, मानीव अभिहस्तांतरणाचं सांगितलं. सासरे स्वतः स्टुलावर चढले, बराच वेळ बघत होते. उतरले आणि म्हणाले, "मागच्या माणसाने घराकडे लक्ष दिलेलं आहे." भावाशी बोलून आम्ही खालचा आकडा १ कोटी ५ लाख ठरवला होता (समुद्रपक्षी, तुमचं ऐकलं). १ कोटी ८ लाखांना ठरलं.

त्यांना दसऱ्याला टोकन द्यायचं होतं. यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, बँकाही बंद आणि नोंदणी कार्यालयही. म्हणून दसऱ्याला आपट्याचं पान आणि चेक हातात दिला, विसार पावतीवर सह्या केल्या, चेक दुसऱ्या दिवशी बँकेत भरला. पावतीत जमाखर्च यांनी सांगितलं तसं लिहिलं. खरेदीदाराला टॅन काढावा लागतो हे त्यांना नवीन होतं, थोडे बिचकले. मी या धाग्यातला तो प्रतिसाद छापून नेला होता.

जमाखर्च | ४ ऑक्टोबर

उत्तम. टॅन आला की लगेच प्रमाणपत्राचा अर्ज भरा, दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये येतील. खरेदीखताची मुदत ठरवताना प्रमाणपत्र मिळाल्यापासून अमुक दिवस अशी ठरवा, नुसती तारीख नको. आणि भावाचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यातच (अनिवासीचं इथल्या पैशांसाठीचं खातं) जमा व्हायला हवेत. तिथून बाहेर नेताना आयकराचा फॉर्म आणि सीएचं प्रमाणपत्र लागेल, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मुभा आहे.

कर वाचवायचा असेल तर तुम्ही दोघंही आपापल्या हिश्श्यातून विक्रीनंतर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत करसवलतीचे रोखे घेऊ शकता. पाच वर्षं पैसे अडकतात. नवीन घर घेणार असाल तर त्यावरही सवलत आहे, दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम.

नवी_किल्ली | ५ ऑक्टोबर

मला हेच घर बघायला यायचं होतं, जाहिरात ओळखली होती. उशीर केला. ज्यांनी घेतलं त्यांचं अभिनंदन.

शेवंती | २४ ऑक्टोबर

उंबरा, दिवाळी त्या घरात केलीत का?

उंबरा | २५ ऑक्टोबर

हो. ताबा त्यांना तुळशीच्या लग्नानंतरच हवा आहे, त्याआधी त्यांच्यात वास्तुशांत करत नाहीत. त्यामुळे दिवाळी आम्हाला मिळाली. भाऊ दहा दिवसांसाठी आला. कंदील बांधला, पाडव्याला दारात रांगोळी काढली, रात्री उशिरापर्यंत कपाटं आवरली.

बाबांच्या कपाटात १९७१ पासूनचे दिवाळी अंक निघाले, वर्षवार बांधून ठेवलेले, एकूण २११. आम्ही दोघंही इतके सांभाळू शकणार नाही, आणि रद्दीत घालणार नाही. कोणी वाचनालय घेईल का? त्यांचे पैसे नकोत, फक्त वाचले जायला हवेत.

समुद्रपक्षी | २५ ऑक्टोबर

आमच्या गावच्या वाचनालयाला हवे आहेत. इमारत नवीन झाली, कपाटं रिकामी आहेत. आंब्याची गाडी पुण्याहून रिकामी परतते ती उन्हाळ्यात, आत्ता नाही, पण आमच्या दुकानदाराचा टेम्पो आठवड्याला मार्केटयार्डात येतो. शनिवारी कोथरूडला वळवतो. व्यनि (खासगी निरोप) करतो.

उंबरा | २९ नोव्हेंबर

शेवटचं कळवते. प्रमाणपत्र १९ नोव्हेंबरला आलं. भावाच्या हिश्श्यावर आता नफ्याच्या हिशोबानेच कपात झाली. २६ तारखेला खरेदीखत नोंदवलं. कार्यालयात अडीच तास, अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. भावातर्फे मीच सही केली. वीजबिल, मालमत्ता कर, सोसायटीचं ना हरकत पत्र, सगळ्याच्या मूळ प्रती एका फायलीत घालून दिल्या. हस्तांतरण अधिमूल्य सोसायटीने २५ हजार घेतलं, तेवढीच कमाल मर्यादा आहे.

टेम्पो आला होता. अंक दापोलीला पोचले.

किल्ली देताना खरेदीदाराने विचारलं, रंग कधी लावू? मी म्हटलं, पाऊस पडून एक वर्ष जाऊ द्या, मग. रेघांचं काय करायचं ते मी काही बोलले नाही.

गिलावा | २९ नोव्हेंबर

बरोबर सांगितलंत. तो मूल्यांकक कोण घेतला होता? माझ्या मेहुण्यांनाही २००१ चं मूल्यांकन हवं आहे.

उंबरा | २९ नोव्हेंबर

व्यनि केला आहे.